परका कांटा : मोटारसायकलवर दुसऱ्या गाडीचा टॅकोमीटर कसा बसवावा व कसा पारखावा

भिंतीवरचें घड्याळ रोज दहा मिनिटें पुढें असलें तरी त्यामुळें घरांतील कोणाचीहि गाडी चुकत नाहीं. शाळेस निघणारीं मुलें, कचेरीस जाणारे वडील आणि चुलीवरचें दूध सांभाळणाऱ्या बायका हीं सर्व माणसें मनांतल्या मनांत दहा मिनिटें वजा करतात आणि संसार सुरळीत चालतो. परंतु तेंच घड्याळ आज दहा मिनिटें पुढें आणि उद्यां पंधरा मिनिटें मागें असें चालूं लागलें, म्हणजे मात्र तें खुंटीवरून उतरवून घड्याळजीकडे धाडावें लागतें. पहिल्या घड्याळाची चूक ठराविक आहे. दुसऱ्याची चूक बेभरंवशाची आहे. मोजमापाच्या कोणत्याहि साधनांतील हा भेद ज्यास नीट कळला, त्यानें अर्धी दुरुस्ती हात न लावतांच केली असें म्हणण्यास हरकत नाहीं. प्रस्तुत लेखांत हाच भेद मोटारसायकलवरील टॅकोमीटर या उपकरणास लावून पाहण्याचें योजिलें आहे.

विषय तरुणांच्या हौसेचा दिसला तरी तो साऱ्या घराचा आहे. जळगांव आणि धुळें या दोन्ही जिल्ह्यांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. शेतावर जाणें, पेढीवर जाणें, कॉलेजांत जाणें, रात्रीं-अपरात्रीं औषध आणणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. एकत्र कुटुंबांत तर एखादी जुनी गाडी चुलत्यांकडून पुतण्याकडे आणि त्याच्याकडून धाकट्या भावाकडे उतरत येते. १९६१ पासून १९९६ पर्यंत म्हैसूर येथें तयार होत असलेल्या जावा व पुढें येझ्दी, १९८३ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें आणलेली राजदूत ३५०, १९८५ सालची यामाहा आर. एक्स. १००, १९९४ सालची हिरो होंडा स्प्लेंडर, अशा गाड्या अजून कित्येक वाड्यांच्या ओट्यांशीं उभ्या असलेल्या दिसतात. त्यांपैकीं आर. एक्स. १०० व स्प्लेंडर यांना मुळांत टॅकोमीटर नव्हता. राजदूत ३५० ला होता. पण अशा जुन्या गाडीचा मीटर एकदां मोडला म्हणजे मूळचा सुटा भाग मिळणें दुरापास्त होतें. मग घरांतील तरुण जुन्या बाजारांतून किंवा मित्राच्या मोडलेल्या गाडीवरून एखादा मीटर मिळवितो, दोन तारा जोडतो, आणि कांटा हलूं लागला कीं कृतकृत्य होतो.

कांटा हलणें आणि कांटा खरें बोलणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मीटर २,००० फेरे दाखवीत असतां एंजिन प्रत्यक्षांत ४,००० फेरे घेत असेल, तर त्या कांट्यावर विश्वास ठेवणारा मुलगा एंजिनास त्याच्या शक्तीपलीकडे पिळीत राहतो. उलट, मीटर दुप्पट आंकडा दाखवीत असेल तर तोच मुलगा भिऊन लवकर गिअर बदलतो आणि एंजिन ओझ्याखालीं ठोकूं लागतें. दोन्ही प्रकारीं शेवटीं पिस्टन, बेअरिंगें आणि घरची थैली यांवर घाला येतो. शिवाय घाईघाईनें जोडलेली एखादी तार भर रस्त्यावर घांसून उघडी पडली, तर मालमोटारींच्या रांगेंत गाडी अचानक बंद पडण्याचें भय आहे तें निराळेंच.

टॅकोमीटर काय सांगतो?

टॅकोमीटर म्हणजे एंजिनाचा मुख्य दांडा एका मिनिटांत किती फेरे घेतो हें दाखविणारें यंत्र. स्पीडोमीटर गाडीचा वेग सांगतो; टॅकोमीटर एंजिनाची धांव सांगतो. ताशीं तीस किलोमीटर या एकाच वेगानें गाडी चालली असतां दुसऱ्या गिअरमध्यें एंजिन झपाट्यानें पळत असतें, तर शेवटच्या गिअरमध्यें कण्हत असतें. चाळीसगांवहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट चढतांना कोणता गिअर ठेवावा हें कसलेला चालक कानानें ओळखतो. ज्याचा कान तयार झालेला नाहीं त्यास हा कांटा उपयोगी पडतो.

फेरे मोजण्याची गरज मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. ब्रायन डॉंकिन या इंग्रज यंत्रज्ञानें १८१० च्या सुमारास यंत्रांचा वेग दाखविणारें एक साधन तयार केलें होतें. त्यांत पाऱ्याचा पेला गरगर फिरे; वेग वाढला कीं पारा कडेस चढे व मध्यें खळगा पडे, आणि त्याबरोबर एका बारीक नळींतील रंगीत द्रवाची पातळी खालीं उतरे. पाऱ्याचा पेला आतां गेला; पण फिरत्या वस्तूचा वेग स्थिर पट्टीवर वाचावयाचा ही युक्ति तीच राहिली. हल्लींच्या मोटारसायकलींवर तिच्या मुख्य जाती दोन : एक केबलीवर चालणारी आणि दुसरी विजेवर चालणारी. जुळणी बिघडण्याचीं कारणें दोहोंत निराळीं असल्यामुळें त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

केबलीचा मीटर

या मीटरांत एंजिनाकडून आलेली केबल एक लहानसा लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोंवतीं अल्युमिनियमची पातळ वाटी असते. ती चुंबकास शिवत नाहीं. तरीहि चुंबक फिरूं लागला कीं वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि वाटी चुंबकामागें ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. चुंबकाचा वेग दुप्पट झाला कीं ओढहि दुप्पट होते, आणि वाटीच्या दांडीवर बसविलेला कांटा तेवढा पुढें सरकतो. वाटीची ही ओढ वेगाच्या प्रमाणांतच वाढते, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

आतां गोम अशी कीं, केबल एंजिनाइतके फेरे घेत नाहीं. मध्यें दांतेरी चाकांची जोडी असते. एका गाडींत एंजिनाच्या सात फेऱ्यांस केबलीचा एक फेरा होतो, तर दुसऱ्या गाडींत चार फेऱ्यांस एक. समजा, सातास एक या प्रमाणाचा मीटर चारास एक अशा गाडीवर बसविला. एंजिनाचे ४,००० फेरे झाले कीं केबलीचे १,००० होतात. परंतु मीटर बिचारा प्रत्येक फेऱ्यामागें एंजिनाचे सात फेरे धरणार, म्हणून त्याचा कांटा ७,००० वर जाईल. मीटर बिघडलेला नाहीं. तो परक्या घरचें माप येथें वापरीत आहे. पायली व शेर यांचीं मापें गांवोगांव वेगळीं असत त्या काळांत बाजारांत जसा घोटाळा होई, तसाच हा प्रकार.

कांहीं मीटरांच्या तबकडीवर हें प्रमाण बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तसें नसल्यास गाडीचें प्रमाण घरींच काढतां येतें. प्लग काढून ठेवावा, म्हणजे एंजिन हातानें सहज फिरतें. केबल मीटरापासून सोडवून तिच्या आंतील तारेच्या टोंकास कागदाची लहानशी पताका चिकटवावी. एकानें एंजिन सावकाश फिरवून मॅग्नेटच्या चाकाचे अठ्ठावीस फेरे मोजावे, दुसऱ्यानें पताकेचे मोजावे. पताकेचे सात फेरे झाले तर प्रमाण चारास एक. चार झाले तर सातास एक.

प्रमाणाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. केबलीचें चौकोनी टोंक मीटराच्या खोबणींत घट्ट बसलें पाहिजे. ढिलें बसल्यास तें आंतल्या आंत घसरतें. दुसरें, फिरण्याची दिशा एक असली पाहिजे. ती उलटी असल्यास कांटा शून्यावरच्या खुंटीस टेकून राहतो आणि पाहणाऱ्यास मीटर मेला असें वाटतें.

प्रमाण जुळत नसेल तर काय करावें? मधल्या मध्यें प्रमाण बदलणारी दांत्यांची डबी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास सोपा उपाय म्हणजे तबकडीवरील आंकडे बदलणें. कांट्याची हालचाल वेगाच्या प्रमाणांत असल्यामुळें वरील उदाहरणांत ७ च्या जागीं ४ आणि ३½ च्या जागीं २ असे आंकडे घालून तबकडी नवी करावी. मीटर त्या गाडीपुरता खरा झाला.

विजेचा मीटर

विजेचा मीटर फेरे मोजीत नाहीं. तो ठिणग्या मोजतो. प्लगमध्यें ठिणगी पडण्यासाठीं कॉइलमध्यें जो विजेचा ठोका येतो, त्याची खबर एका तारेनें मीटरास पोंचते, आणि मिनिटांत किती ठोके आले यावरून मीटर फेऱ्यांचा आंकडा ठरवितो. सर्व घोळ येथेंच होतो. कारण एका फेऱ्यास किती ठिणग्या हें प्रत्येक एंजिनांत सारखें नसतें.

एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक एंजिनांत प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी पडते. फोर-स्ट्रोक एंजिनास वास्तविक दोन फेऱ्यांत एकच ठिणगी पुरे. परंतु ठिणगीचा इशारा देणारें साधन मुख्य दांड्यावरील मॅग्नेटवर असल्यास तेथेंहि प्रत्येक फेऱ्यास ठिणगी पडते. त्यांतली एक पेट्रोल पेटविते आणि दुसरी धूर बाहेर जात असतां वायां जाते. वायां गेली तरी मीटराच्या हिशेबांत ती येतेच. चार सिलिंडरच्या मोटारीसाठीं केलेला मीटर तर एका फेऱ्यास दोन ठोके येतील अशी अपेक्षा करतो.

येथें त्रैराशिकापलीकडे गणित नाहीं. खऱ्या फेऱ्यांस गाडीच्या एका फेऱ्यांतील ठिणग्यांनीं गुणावें आणि मीटरास अपेक्षित असलेल्या ठिणग्यांनीं भागावें, म्हणजे कांटा काय दाखवील तें निघतें. मोटारीचा मीटर दर फेऱ्यास एक ठिणगी देणाऱ्या मोटारसायकलवर बसविला तर तो बरोबर निम्मा आंकडा दाखवील. दोन फेऱ्यांस एक ठिणगी धरणारा मीटर त्याच गाडीवर बरोबर दुप्पट दाखवील. निम्मा, दुप्पट, तिसरा हिस्सा, असा स्वच्छ अपूर्णांक दिसला कीं बिघाड शोधीत बसूं नये. ती जुळणीची चूक आहे. कित्येक मीटरांच्या पाठीमागें सिलिंडरांची संख्या निवडण्याचें लहान बटण असतें. तें प्रथम पाहावें. तें नसेल आणि चूक बरोबर निम्म्याची किंवा दुपटीची असेल, तर तबकडीच्या आंकड्यांचा वरील उपाय येथेंहि चालतो.

ताळा कसा पाहावा?

बेरीज-गुणाकारास जसा ताळा, तसा मीटरासहि हवा. त्यासाठीं महागडें साधन लागत नाहीं. खडू, टेप आणि सेकंदकांट्याचें घड्याळ पुरे.

प्रथम गाडी मधल्या स्टॅण्डवर उभी करून, किल्ली बंद ठेवून, प्लग काढून, शेवटचा गिअर घालावा. मागील चाक हातानें सावकाश दहा वेळां फिरवावें आणि तेवढ्यांत मॅग्नेटचें चाक किती फेरे घेतें तें दुसऱ्यानें मोजावें. समजा नव्वद झाले. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे नऊ. नंतर टायरवर खडूची खूण करून, गाडीवर माणूस बसलेला असतां ती जमिनीवर एक पूर्ण फेरा ढकलावी आणि दोन खुणांमधील अंतर मोजावें. समजा तें दोन मीटर भरलें.

आतां रविवारीं पहांटे, रहदारी सुरू होण्यापूर्वीं, एखाद्या सरळ व सपाट आडरस्त्यावर जावें. जळगांवहून पाळधी, एरंडोल, पारोळा या मार्गानें धुळ्यास जाणारा हमरस्ता सपाट असला तरी तेथें रात्रंदिवस मालमोटारी धांवतात; हा प्रयोग त्यावर करूं नये. धुळ्याच्या वाचकांनीं लळिंगाकडील चढउताराचा रस्ताहि टाळावा. चालवणारानें केवळ रस्ता व कांटा पाहावा. घड्याळ मागें बसणारानें धरावें. दोघांच्याहि डोक्यावर हेल्मेट असावें. शेवटच्या गिअरमध्यें एकसारख्या वेगानें जाऊन किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचा वेळ मोजावा. तो साठ सेकंद भरला, तर मिनिटास १,००० मीटर अंतर तुटलें. चाकाचे ५०० फेरे झाले. एंजिनाचे ५०० गुणिले ९, म्हणजे ४,५०० झाले. पुन्हां तेंच अंतर नव्वद सेकंदांत जाईल असा वेग ठेवावा. तेव्हां एंजिनाचे फेरे ३,००० असले पाहिजेत.

दोन वेगांवर दोन आंकडे घेण्याचें कारण महत्त्वाचें आहे. कांट्यानें ३,००० च्या ठिकाणीं १,५०० आणि ४,५०० च्या ठिकाणीं २,२५० दाखविले, तर चूक ठराविक आहे. ती आंकड्यांनीं सुधारेल. परंतु ३,००० च्या ठिकाणीं १,५०० आणि ४,५०० च्या ठिकाणीं १,८०० दाखविले, तर कांहीं ठोके मीटरापर्यंत पोंचतच नाहींत. ती चूक बेभरंवशाची आहे. तेथें तबकडी बदलून उपयोग नाहीं, तार व जोड तपासले पाहिजेत. बाजारांतून दुसरा मीटर आणण्यापूर्वीं ही एक सकाळ खर्च केली तर पुष्कळ पैसा वांचतो.

घरच्या घरीं आणखी एक ताळा पाहतां येतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदास शंभर वेळां लुकलुकते. ज्या गाडीचें मॅग्नेटचें चाक झांकण काढल्यावर कोरडें उघडें दिसतें, त्या चाकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ काढावी. अंधारांत, केवळ त्या ट्यूबच्या उजेडांत, एंजिन चालू करून फेरे सावकाश वाढवावे. १,५०० फेऱ्यांवर एकाच रेघेच्या चार स्थिर रेघा दिसतात. ३,००० वर समोरासमोर दोन. हा प्रयोग उघड्या ओसरींतच करावा, कारण धूर विषारी असतो. आणि फिरत्या चाकाजवळ पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा लहान मूल येऊं देऊं नये.

तारा जोडतांना

विजेच्या मीटरास बहुधा तीन तारा लागतात : एक किल्लीनंतरच्या विजेची, एक अर्थची आणि एक ठोक्याची. दिव्याच्या तारा त्यांहून निराळ्या.

विजेची तार जोडण्यापूर्वीं गाडी किती व्होल्टची आहे तें पाहावें. जुन्या गाड्यांपैकीं पुष्कळांची बॅटरी ६ व्होल्टची असे. तेथें १२ व्होल्टचा मीटर नीट चालणार नाहीं. दुसरें, कित्येक लहान गाड्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर जळतो. दिव्याजवळची तार हाताशीं सांपडली म्हणून मीटर तीवर जोडला तर कांटा थरथरतो, आणि एंजिन वेगांत येतांच मीटर जळूंहि शकतो. वीज बॅटरीकडून, किल्लीमार्गें व लहान फ्यूज घालूनच घ्यावी. अर्थची तार रंगावर वा गंजावर न आवळतां उघड्या स्वच्छ धातूवर आवळावी.

ठोक्याच्या तारेंत खरें कसब आहे. ती कॉइलच्या प्राथमिक बाजूस जोडतात. सी. डी. आय. पद्धतीच्या गाड्यांत त्या ठिकाणीं क्षणभर दोनशें व्होल्टांहून अधिक दाब येतो. तो सोसण्यासाठीं न केलेला मीटर तत्काळ निकामी होतो. म्हणून मीटराबरोबरच्या सूचनेंत सांगितला असेल तेवढा रेझिस्टर त्या तारेंत घालावा, आणि तो मीटरापाशीं न घालतां कॉइलपाशीं घालावा. या एका गोष्टीवर गाडीची सुरक्षितता अवलंबून आहे. हॅण्डल वळून वळून तार मध्यें कोठें घांसली व सांगाड्यास टेकली, तर रेझिस्टर कॉइलपाशीं असल्यास केवळ मीटर बंद पडतो आणि एंजिन चालत राहतें. रेझिस्टर दुसऱ्या टोंकास असल्यास कॉइलचा ठोकाच सांगाड्यांत जातो आणि गाडी जागच्या जागीं बंद पडते. दोन्हींत खर्च सारखाच आहे. अंतर केवळ विचाराचें आहे.

मॅग्नेटजवळील इशाऱ्याच्या कॉइलवर मात्र मीटर जोडूं नये. तेथील वीज फार नाजूक असते, आणि मीटरानें थोडी जरी ओढली तरी ठिणगी चुकूं लागते. प्लगच्या जाड तारेंत हजारों व्होल्टांचा दाब असतो. तिला कापून जोड देण्याचें धाडस कोणीहि करूं नये. कांहीं मीटर त्या तारेवर नुसते वेढे घेऊन चालतात; ती निराळी गोष्ट.

लक्षणांवरून निदान

वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास दोन प्रश्न विचारतो, तसें येथेंहि करावें. कांटा मुळींच हलत नाहीं? वीज, अर्थ आणि ठोका या क्रमानें पाहावें. बहुतेक वेळां दोष अर्थमध्यें सांपडतो. कांटा निम्मा वा दुप्पट दाखवितो? ठिणग्यांचा हिशेब जुळत नाहीं. कांटा माशीसारखा उडतो? ठोक्याची तार प्लगच्या तारेस लगटून गेली असेल, तर ती दूर न्यावी. प्लगची टोपी रेझिस्टरची नसेल तर तशी बसवावी. मंद वेगांत ठीक, पण वेग वाढतांच कांटा मागें पडतो? ठोके हरवत आहेत. जोड ढिला आहे किंवा रेझिस्टर फार मोठा आहे. मीटर बसविल्यापासून एंजिन धक्के खातें? सर्वांत आधीं मीटराची ठोक्याची तार सोडवावी. धक्के थांबले तर दोष जोडणींत. न थांबले तर मीटरास उगाच बोल लावूं नये, कारबुरेटर व प्लग पाहावा.

केबलीच्या मीटरांत कांटा डुलत असेल तर केबलीला कोठें तरी तीव्र वांक आहे किंवा ती कोरडी पडली आहे. खानदेशांतील उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसांच्या पुढें जातो. काळ्या मातीची धूळ केबलीच्या आवरणांत शिरते आणि आंतील ग्रीस वाळून लुकण बनतें. दिवाळीनंतर व अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, अशी वर्षांतून दोनदां केबल उपसून, पुसून, हलका ग्रीसचा हात फिरविला तर ती पुष्कळ वर्षें टिकते. मात्र मीटराकडील टोंकाच्या चार बोटांस ग्रीस लावूं नये. तें वर चढून वाटी व स्प्रिंग माखून टाकतें. फार जुन्या मीटराचा चुंबक क्षीण झाल्यास तो सर्वत्र थोडा कमी दाखवितो. तीहि ठराविकच चूक होय.

तांबडा पट्टा कोणाचा?

मीटर जुळला, ताळा बरोबर आला, तरी एक गोष्ट उरते, आणि बहुधा तीच विसरली जाते. तबकडीवरील तांबडा पट्टा मीटराचा नसून ज्या एंजिनासाठीं तो मीटर केला होता त्याचा असतो. बुलेट ३५० च्या जुन्या एंजिनांत पिस्टन एका दिशेनें ९० मिलिमीटर जातो. मिनिटास ५,००० फेरे झाले असतां त्याचा सरासरी वेग सेकंदास १५ मीटर भरतो. ज्या लहान एंजिनांत ही धांव ५६ मिलिमीटर आहे, त्यांत तोच वेग येण्यास जवळजवळ ८,००० फेरे व्हावे लागतात. म्हणजे लहान एंजिनाच्या तबकडीवर ८,००० पर्यंत निर्धास्त जाणारा कांटा बुलेटवर त्याच जागीं पोंचला तर तें एंजिन केव्हांच मर्यादेबाहेर गेलेलें असेल. यास्तव आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकांत जो कमाल आंकडा दिला असेल, तेथें कांचेवर तांबड्या रंगाची नवी रेघ ओढावी आणि जुना पट्टा झांकून टाकावा.

वडील मंडळींसही एक विनंती आहे. जोडमीटर बदलतांना पुष्कळदां स्पीडोमीटर व एकंदर किलोमीटरचा आंकडाहि बदलतो. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांप्रमाणें वेगमापक गाडीवर असलाच पाहिजे. तेव्हां नवा बसविलेला वेगमापकहि त्याच दगड-घड्याळाच्या रीतीनें तपासून घ्यावा. तसेंच जुन्या मीटरावर किती किलोमीटर होते, नव्यावर आरंभीं किती होते आणि मीटर कोणत्या तारखेस बदलला, एवढें घरच्या वहींत लिहून ठेवावें. तेल बदलण्याचा हिशेब त्यावर राहतो. आणि पुढें गाडी विकण्याचा प्रसंग आल्यास घेणारास खरें सांगतां येतें. चार वर्षांनीं हा आंकडा कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं.

जो मीटर दोन्ही वेगांवर ठराविक प्रमाणांत चुकतो, तो परका असला तरी घरचा करून घेतां येतो. जो कोणतेंच प्रमाण पाळीत नाहीं, तो दोष सांपडेपर्यंत गाडीवर ठेवूं नये; रिकाम्या जागेनें गाडीचें कांहीं बिघडत नाहीं, पण खोट्या कांट्यावर नजर ठेवणारा तरुण एंजिनाचा आवाज ऐकण्याचें विसरतो. तो आवाज ऐकण्याची संवय घरांतील ज्या काकांनीं वा मामांनीं वीस-तीस वर्षें तीच गाडी चालविली आहे त्यांच्यापाशीं असते. ताळा पाहण्यासाठीं घड्याळ धरावयास मागें कोणास बसवावें असा प्रश्न पडल्यास, त्यांनाच बसवावें.